सही करण्याआधी अकोल्याला

“बाळाचं नाव?” मॅडमनी विचारलं.

“आरव,” मी म्हणालो.

आरव नावाचं बाळ आमच्यापैकी कुणाच्याच घरात नव्हतं. अकोल्यातल्या एका प्ले-स्कूलच्या ऑफिसात मी लहान मुलांच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो. गुडघे छातीला लागले होते. शेजारी विलासदादा, मांडीवर संत्र्यांची पिशवी घेऊन. ते आरवचे आजोबा झाले होते आणि मी दूरचा काका. विलासदादांची धाकटी बहीण संध्याताई खिडकीशी उभ्या होत्या. त्यांना कोणतंच नातं देता आलं नव्हतं, कारण ऐन फाटकापाशी त्या म्हणाल्या होत्या, “मी येते, पण मी काही बोलणार नाही.”

मी अमरावतीत वकिली करतो. राजापेठेत ऑफिस आहे. कोर्टात फार उभा राहत नाही. करार वाचणं, करार लिहिणं हे माझं काम. तिकडे जाऊन खोटं बोलणं हे माझं काम नव्हतं. तरी मी गेलो, आणि जाताना मला आपण हुशारी करतोय असंच वाटत होतं.

संध्याताई वानखडे भातकुली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. बरीच वर्षं पहिलीचा वर्ग त्यांच्याकडे. स्वतःची बालवाडी काढायची हे त्यांचं जुनं स्वप्न. एका मोठ्या प्ले-स्कूल ब्रँडचा माणूस त्यांच्या घरी येऊन गेला. राजापेठेत जागा चांगली आहे, पहिल्याच वर्षी वर्ग भरतील, आमचं नाव, आमची पुस्तकं, आमचं ट्रेनिंग, तुम्ही फक्त शिकवा, असं म्हणाला. संध्याताईंनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन टाकला. मग कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

“अर्ज आधी आणि कागद नंतर?” मी विचारलं.

“साहेब, अर्ज अजून मंजूर झाला नाही. मंजूर होईपर्यंत मागे घेता येतो. तोवर तुम्ही हे वाचून सांगा.”

म्हणजे प्रश्न सरळ होता. कागद चांगला निघाला तर शाळा त्यांची स्वतःची. वाईट निघाला तर अर्ज मागे. आणि मी उशीर केला किंवा चुकलो, तर नोकरीही गेली आणि शाळाही.

कागदाचं नाव होतं डिस्क्लोजर डॉक्युमेंट. वाचकांसाठी सोपं करून सांगतो. फ्रँचायझी विकणारी कंपनी सही घेण्याआधी स्वतःची जी माहिती समोरच्याला देते, ती यात असते. मालक कोण, कोर्टात काय चालू आहे, शाखा किती आणि कुठे, कशाकशाचे पैसे द्यायचे, मध्येच सोडायचं असेल तर काय. काही देशांत हे देणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी असा वेगळा कायदा नाही. त्यामुळे कंपनीला जे सांगावंसं वाटतं ते ती सांगते. कराराचा मसुदाही यालाच जोडलेला होता. हा कागद तर फारच देखणा होता. मुखपृष्ठावर एक बाळ हसत होतं.

मी वाचला. तीन ठिकाणी पेन्सिल लावली.

एक, कंपनीच्या माणसानं तोंडी काही सांगितलं असेल तर ते धरलं जाणार नाही. म्हणजे ‘पहिल्याच वर्षी वर्ग भरतील’ हे वाक्य हवेत गेलं. दोन, केंद्र म्हणजे शाखा चालवणाऱ्यानं केंद्रासंबंधी कोणतीही माहिती बाहेरच्या माणसाला द्यायची नाही. तीन, दरवर्षी किमान इतकी शैक्षणिक किट कंपनीकडून घ्यावीच लागतील, आकडा कंपनी ठरवील. तिसऱ्यापुढे मी ‘नेहमीचं’ असं लिहिलं. सगळ्याच शाळांना पुस्तकं घ्यावी लागतात, एवढाच विचार मी केला.

मागे चालू केंद्रांची यादी होती. संध्याताईंनी त्यातल्या काही जणांना फोन केले होते. सगळ्यांनी एकच सांगितलं: छान चाललंय.

“सगळेच छान म्हणतात, हे बरं आहे ना?” त्यांनी विचारलं.

“दुसरं काही म्हटलं तर त्यांना नोटीस येऊ शकते,” मी सांगितलं आणि दुसरं कलम दाखवलं.

करार कायद्यात एक गोष्ट आहे जी सामान्य माणसाला माहीत नसते. समोरच्यानं काही दडवलं, पण तुम्ही साधी चौकशी केली असती तर ते तुम्हाला कळू शकलं असतं, अशा वेळी ‘मला फसवलं, करार रद्द करा’ म्हणून दाद मागणं अवघड होतं. कायदा विचारतो, तुम्ही स्वतः काय पाहिलं? म्हणून मी म्हणालो, एखादं केंद्र डोळ्यांनी पाहून या. अकोला जवळ आहे.

तेवढ्यात विलासदादा बोलले. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. बहिणीला स्कूटरवर घेऊन आले होते.

“वकीलसाहेब, सोयरीक करतानी पोराच्या बापाले इचारते काय कोनी, तुमचा पोरगा दारू पेते काय म्हून? तो हो म्हनन काय?”

“मग काय करायचं?”

“न सांगता जाची. आमच्या संध्याची सोयरीक केली तवा बाबा बैल इकत घ्याले आलो म्हून जावयाच्या गावात दोन डाव जाऊन आले. चहाच्या टपरीवर बसले, न्हाव्याकडं बसले. मंगच होकार देल्ला.”

“आणि बैल घेतला नाही,” संध्याताई म्हणाल्या, “ते सासरी मला अजून ऐकवतात.”

आम्ही हसलो आणि बेत ठरला. ॲडमिशनसाठी आलोय असं सांगून जायचं. वकील म्हणून मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण तिथं माझ्या पेन्सिलखुणांपेक्षा जास्त काही दिसतं का, याची मला उत्सुकता वाटली. मी म्हणालो, मीही येतो.

मार्च महिना होता, पण अकोल्याचं ऊन मार्च मानत नाही. फाटकावर मॅडमचे पती रफीकभाई कूलरला नवी खस लावत होते. त्यांनी आधी आमच्याकडे आणि मग पिशवीकडे पाहिलं.

“ॲडमिशनले संत्रे कोन आनते, चाचा?”

“रिकाम्या हातानं कोनाच्या दारी जात नाई आमी.”

“कुठले?”

“शेंदूरजनाघाटचे. ग्वाड हायेत.”

“मंग या आत. ॲडमिशन पक्की समजा,” रफीकभाई हसून म्हणाले.

अंजुम मॅडम चाळिशीच्या असतील. त्यांनी फॉर्म पुढे ओढला. आरव अडीच वर्षांचा, जठारपेठेत राहतो, आई-वडील दोघं बँकेत, आज सुट्टी मिळाली नाही. हे सगळं मी गाडीतच रचून ठेवलं होतं. पुढचं रचलं नव्हतं.

“घरात कोणती भाषा बोलतात? तो काय काय शब्द बोलतो?”

आता प्रश्न वाढणार असं वाटलं. ते थांबावेत म्हणून मी म्हणालो, “तो अजून बोलत नाही.”

मॅडमनी पेन खाली ठेवला.

“अजिबात?”

“अजिबात नाही.”

“हाक मारली तर वळून बघतो?”

“कधी कधी.”

“कुकरची शिट्टी झाली तर दचकतो? पाठीमागे भांडं पडलं तर?”

मी विलासदादांकडे पाहिलं. ते संत्र्यांकडे पाहत होते. मी म्हणालो, “तसं काही लक्षात आलं नाही.”

“बोट दाखवून मागतो का वस्तू?”

“नाही.”

मी प्रत्येक वेळी नाही म्हणत होतो, कारण नाही म्हटलं की विषय संपतो असा माझा अनुभव. इथे उलट झालं. मॅडमनी फॉर्म बाजूला सरकवला आणि खुर्ची माझ्याजवळ आणली.

“काका, मी ॲडमिशन आत्ता देत नाही,” त्या म्हणाल्या. “रागावू नका. मुलाला नाही म्हणत नाही मी. माझ्या धाकट्या भावाचं असंच झालं होतं. घरात सगळे म्हणत राहिले, मुलगे उशिराच बोलतात, शाळेत टाका, मुलांत मिसळला की बोलेल. टाकला शाळेत. वर्गात गप्प बसायचा, म्हणून शिक्षक खूश. फार उशिरा कळलं की त्याला ऐकूच येत नव्हतं. तुम्ही आत्ता शाळेत टाकाल आणि निश्चिंत व्हाल. तसं नका करू. आधी कान तपासा. जागा मी राखून ठेवते. फी-बी काही नको.”

मग त्यांनी हाक मारली, “अहो, त्या कानाच्या डॉक्टरांना फोन लावा. आज दुपारचा नंबर मिळतो का बघा. म्हणावं, लहान मूल आहे, थांबवू नका.”

रफीकभाई हात पुसत आत आले आणि फोन लावू लागले. मॅडम मला समजावत होत्या की मशीन लागलं तरी घाबरायचं नसतं, लवकर लागलं तर मूल बोलतं. त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि ती काळजी माझ्यासाठी नव्हती, मी रचलेल्या मुलासाठी होती. पलीकडे फोनची रिंग वाजत असलेली ऐकू येत होती.

“नका लावू फोन,” संध्याताई खिडकीजवळून म्हणाल्या. “असं लेकरू नाही.”

“नाही म्हणजे?”

“नाहीच. आरव नावाचं कोणी नाही. आम्ही तुमची शाळा बघायला आलो.”

रफीकभाईंनी फोन बंद केला. मॅडम माझ्याकडे वळल्या. त्यांचा पहिला शब्द रागाचा असेल असं मला वाटलं होतं.

“म्हणजे कोणी बहिरं नाही?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“शुक्र है अल्लाह का,” त्या म्हणाल्या आणि मागे टेकल्या.

वकिलीत मी पुष्कळ माणसं फसवणूक उघड होताना पाहिली आहेत. आधी आपलं काय गेलं हे माणूस मोजतो. मीही तेच करतो. या बाईंना आधी ते मूल आठवलं. ते मूल नव्हतंच, तरीही. मी त्या लाल खुर्चीवर आणखी खाली गेल्यासारखा बसलो.

राग नंतर आला, आणि तो रफीकभाईंना आला.

“वा रे वा! बच्चा भी नकली, आजोबा भी नकली. संत्रे तरी असली हायेत का?”

“संत्रे असली हायेत, भाऊ,” विलासदादा खाली मान घालून म्हणाले. “चुकलं आमचं.”

मी माझं नाव सांगितलं, वकील आहे हेही सांगितलं. संध्याताईंनी स्वतःचं नाव सांगितलं. तसे रफीकभाई थांबले.

“वानखडे मॅडम? अमरावतीच्या?” मग बायकोकडे वळून, “अंजुम, सोच के बोल. ये वोही हैं.”

ते ‘वोही’ म्हणजे काय, हे त्यांनीच सांगितलं, थोडं चिडून, थोडं थकून. या दोघांना केंद्र बंद करायचं होतं. करारात मध्येच सोडण्याची सोय नव्हती. बरीच विनवणी केल्यावर कंपनी म्हणाली, वऱ्हाडात दुसरं केंद्र उभं राहू द्या, मग तुम्हाला मोकळं करू. अमरावतीच्या एक शिक्षिका जवळजवळ तयार आहेत. त्यांचा फोन येईल, नीट बोला.

“हिनं आज छान आहे म्हटलं तर आमी सुटतो,” रफीकभाई म्हणाले. “एवढंच म्हनाचं होतं.”

“फोनवर म्हटलं होतं मी,” अंजुम मॅडम संध्याताईंना म्हणाल्या. “तुमचा फोन आला तेव्हा छान चाललंय म्हणाले. तेव्हा मी खोटं बोलले, आज तुम्ही. आता बास.”

त्या उठल्या. दारात थांबून त्यांनी मला विचारलं, “वकीलसाहेब, मी आकडे सांगितले तर करार मोडतो, हे मला माहीत आहे. खोली दाखवली तर?”

मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. कलमात शब्द होते: केंद्रासंबंधी कोणतीही माहिती. खोली दाखवणं त्यात बसतं. मला ते पाठ होतं, मी स्वतः तिथे पेन्सिल लावली होती. मी म्हणायला हवं होतं, मॅडम, मी समोरच्या बाजूचा वकील आहे, मला विचारू नका, आणि दाखवू नका. पण दाखवलं तर माझ्या पक्षकाराचा फायदा होता. मी म्हणालो, “खोलीचा उल्लेख करारात नाही.”

वाक्य खरं होतं. ज्यांना ते सांगितलं, त्यांच्या दृष्टीनं ते खोटं होतं.

त्यांनी मागची खोली उघडली. जमिनीपासून जवळजवळ छतापर्यंत खोकी. प्रत्येक खोक्यावर तेच हसणारं बाळ. एकही खोकं फोडलेलं नव्हतं. कंपनी किमान आकडा ठरवते, तितकी किट येतात, मुलं तितकी आली नाहीत तरी येतात, आणि पुढच्या वर्षी पुस्तक बदलतं म्हणून उरलेली चालत नाहीत. मॅडम यातलं काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त दिवा लावला. बाकी संध्याताईंना कळलं. पुस्तकांची आवृत्ती कोणत्या वर्षाची, हे खोक्यांच्या बाजूवर छापलेलं होतं, आणि त्या आयुष्यभर शाळेत वावरल्या होत्या.

ज्या कलमापुढे मी ‘नेहमीचं’ लिहिलं होतं, ते कलम असं दिसत होतं.

शेजारच्या वर्गात मोजकी मुलं गाणं म्हणत होती. त्यांची बाई गुडघ्यांवर बसून एकेकाचं तोंड पाहत शिकवत होती. शाळा चांगली होती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

निघताना संध्याताईंनी अंजुम मॅडमचा हात हातात घेतला. “माझ्यामुळे तुमचं अडलं,” त्या म्हणाल्या.

“तुमच्यामुळे नाही. पहिलीला शिकवता ना तुम्ही? मग सोडू नका एवढ्यात,” मॅडम म्हणाल्या. संत्री त्यांनी ठेवून घेतली. मुलांना वाटली असतील.

परतताना मूर्तिजापूर मागे पडलं. मग विलासदादा म्हणाले, “बाबा बैलाचं सोंग घेऊन गेले होते, तवा त्याइले कोनी असं पानी पाजलं नव्हतं.” संध्याताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “दादा, मले उद्या पंचायत समितीत सोड.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मागे घेतला. मागे घेण्याचं पत्र वेळेत पोहोचलं आणि मान्य झालं. कंपनीला नकाराचं पत्र मी लिहिलं. कारण ‘घरगुती अडचण’ एवढंच दिलं, अकोल्याचं नाव कुठे येऊ दिलं नाही. तरी कंपनीनं अंदाज बांधलाच. अंजुम मॅडमना फोन गेला, मग गुप्ततेच्या कलमाची आठवण करून देणारं पत्र गेलं. मोकळं करण्याचा विषय बंद झाला. हे मला रफीकभाईंनी कळवलं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत, म्हणून ते ऐकणं जास्त जड गेलं.

मी एकटाच पुन्हा अकोल्याला गेलो. मोठ्या माणसाची खुर्ची दिली या वेळी. मी मॅडमना सांगितलं की त्या दिवशी तुम्ही खोलीबद्दल विचारलंत तेव्हा मी अर्धंच उत्तर दिलं. त्या कलमात खोलीही येते. मला माहीत होतं.

“मलाही माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“कधीपासून?” मी विचारलं.

“सही करताना नव्हतं माहीत. नंतर इतक्या वेळा वाचलंय, की तोंडपाठ आहे. ‘कोणतीही माहिती’. खोली दाखवायची हे मी उठतानाच ठरवलं होतं. तुम्ही काय म्हणता ते बघायचं होतं.”

“मग तरी दाखवलीत?”

“त्यांच्यासाठी दाखवली. तुमच्यासाठी नाही.”

मी म्हणालो, तुमचा करार मला द्या, मी फी न घेता कंपनीशी भांडतो. त्यांनी मान हलवली. त्यांनी वकील केला होता, अकोल्यातलाच. नंतर कळलं की बरीच पत्रापत्री होऊन कंपनीनं नव्या किटचा किमान आकडा खाली आणला. सुटका झाली नाही. मुदत संपेपर्यंत शाळा चालवावी लागेल, आणि त्या ती चालवत आहेत.

संध्याताई अजून पहिलीचा वर्ग घेतात. आता कोणी फ्रँचायझीचे कागद घेऊन माझ्याकडे आलं, तर मी ‘नेहमीचं’ हा शब्द वापरत नाही. ज्या कलमात वस्तू घेण्याची सक्ती आहे, तिथे मी विचारतो, न खपलेली वस्तू कुठे ठेवणार? यादीतल्या प्रत्येक केंद्रचालकाबद्दल विचारतो, तुम्ही सही केलीत तर या माणसाला काय मिळणार? आणि केंद्र बघायला जाताना खरं नाव सांगून जा, असं बजावतो. कागदावरून एवढं पारखता येतं. स्वतःचं नुकसान होणार हे ठाऊक असूनही कोण खोली उघडून दाखवील, हे कोणत्याच डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं नसतं. तिथे जावं लागतं, आणि तसं माणूस भेटलं तर त्याचं नुकसान टळावं म्हणून त्याला गप्प राहा असं सांगणारा वकील सोबत असावा. त्या दिवशी तो वकील मी होऊ शकलो असतो.